धागा: उंबऱ्याचा आकडा – आयर्विन आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी आपल्या घराच्या मापात कशी आणायची?

कृष्णाकाठ

जून लागला की गटागटांवर रोज पातळ्या फिरायला लागतात. आयर्विन इतके फूट, राजाराम इतके फूट. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ इशारा आणि ४३ धोका, हे इथं लहान मुलालाही पाठ आहे. पण "आयर्विनला ४९ झाल्यावर तुमच्या दारात किती?" असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. माणसं अडकतात ती इथंच. धोका पातळी नदीची असते, घराची नसते. कुणाच्या घरात ४३ लाच पाणी येतं, कुणाच्या घरात ५५ लाही नाही.

म्हणून प्रत्येक घराचा स्वतःचा आकडा काढून ठेवावा. दोन महापुरांच्या खुणा असल्या की काम सोपं होतं. २००५ ला आयर्विनला पाणी पावणेचोपन्न फुटांपर्यंत गेलं होतं, २०१९ ला साडेसत्तावन्नपर्यंत. समजा तुमच्या भिंतीवर २०१९ ची खूण उंबऱ्यापासून ६ फूट ३ इंच वर आहे आणि २००५ ची २ फूट ६ इंच. दोन्हींतला फरक ३ फूट ९ इंच, आणि आयर्विनचा फरकही तेवढाच. म्हणजे तुमच्याकडचं पाणी आयर्विनच्या बरोबरीनं चढतं. आता ५७ फूट ६ इंचातून ६ फूट ३ इंच वजा केले की ५१ फूट ३ इंच. हा तुमचा उंबऱ्याचा आकडा. दाराच्या चौकटीवर ऑइल पेंटनं लिहून ठेवा. खडूनं नको.

पण घर सोडायचं ते या आकड्यावर नाही. उंबऱ्याआधी गल्ली बुडते, आणि गल्लीच्याही आधी गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावरचा ओढ्याचा खोलगट भाग. तो खोलगट भाग उंबऱ्यापेक्षा ४ फूट खाली असेल तर तुमची वाट ४७ फूट ३ इंचालाच बंद झाली. आता हिशेब करा. पातळी ४३ आहे आणि तासाला ४ इंच चढतेय. उंबऱ्यापर्यंत ९९ इंच, म्हणजे जवळजवळ २५ तास. रस्त्यापर्यंत मात्र ५१ इंच, म्हणजे जेमतेम १३ तास. त्यातली रात्र वजा करा, आणि जनावरं चालत न्यायला लागणारा वेळही वजा करा. "अजून दारात तर आलं नाही" म्हणत थांबणाऱ्यांचे हेच १२ तास हातचे जातात.

गल्ली_नंबर_तीन

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, दोन्ही नद्यांच्या बेचक्यात. आयर्विनचा आकडा आम्हाला चालेल का? २००५ ची खूण रंगकामात पुसली गेलीय, २०१९ ची तेवढी आहे.

कृष्णाकाठ

नुसत्या आयर्विनवर तुम्ही विसंबू नका. नृसिंहवाडीला संगम झाल्यावर कृष्णेचं पाणी चढलेलं असेल तर पंचगंगेला पुढं जायला वाट राहत नाही, ती मागं फुगते. पाऊस थांबलेला, राजारामची पातळी उतरायला लागलेली, आणि तुमच्याकडे मात्र पाणी चढतंच आहे, असं त्या पट्ट्यात होतं. त्यामुळं तुम्ही तीन आकडे बघायचे: वरून येणाऱ्या कृष्णेसाठी आयर्विन, पंचगंगेसाठी राजाराम आणि खालच्या बाजूला राजापूर बंधारा. राजापूरची पातळी चढती असेपर्यंत तुमच्याकडचं पाणी उतरेल असं धरू नका.

एकच खूण असली तर बरोबरीनं चढतं की नाही हे तपासता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे या पावसाळ्यात गावातच पट्टी लावा. देवळाचा दगडी खांब नाहीतर पाण्याच्या टाकीचा पाया, जे हलणार नाही ते. अर्ध्या फुटाला रेघ, फुटाला आकडा. साध्या पुरातही सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६ अशा नोंदी तारखेनिशी वहीत ठेवा, शेजारी त्याच वेळची तिन्ही ठिकाणची पातळी. दोन-तीन पावसाळ्यांत कळतं की वरचं पाणी तुमच्यापर्यंत किती तासांनी पोचतं. असली वही कुठल्याही ॲपपेक्षा कामाची.

मोजपट्टी

मूळ मुद्दा बरोबर आहे, दोन गोष्टी जोडतो.

पहिली: आयर्विनचे ५७ फूट म्हणजे पाण्याची खोली नव्हे, तिथल्या पट्टीच्या शून्यापासूनची उंची. पुराचं पाणी तळ्यासारखं सपाट नसतं, नदीच्या दिशेनं त्याला उतार असतो. त्यामुळं दुसऱ्या गावाचा आकडा उसना घेऊ नका, चार-पाच किलोमीटरवरचाही नको. आणि दोन महापुरांच्या मध्ये तुमच्या बाजूला नवा पूल, रस्त्याचा भराव किंवा प्लॉटिंगची भर पडली असेल तर जुन्या खुणेवर फूटभर जास्तीचा धरा.

दुसरी: ज्या घरावर खूण नाही त्यानं काय करायचं? गल्लीतल्या एखाद्या पक्क्या खुणेवरून पातळी आणायची. मोजणीची दुर्बीण लागत नाही, गवंड्याची लेव्हलची नळी पुरते. १०-१२ मीटर पारदर्शक नळी घ्या, एका टोकानं सावकाश पाणी भरा, म्हणजे आत बुडबुडा राहत नाही. पाण्यात चिमूटभर नीळ टाकली की रेघ स्पष्ट दिसते. एक टोक खुणेशी, दुसरं पुढच्या भिंतीशी. पाणी डुलायचं थांबलं की रेघ मारायची आणि तिथून पुढं जायचं. चुका ठरलेल्या: मध्ये बुडबुडा अडकणं, नळीला पीळ पडणं, आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी म्हणजे एका टोकावर अंगठा तसाच राहणं. दोन्ही टोकं उघडी नसतील तर पातळी खोटी दाखवते. शेवटी ज्या खुणेपासून निघालात तिथपर्यंत उलटं मोजत या. इंचभराचा फरक चालेल. तीन इंच पडला तर पुन्हा मोजा.

पूररेषेच्या नकाशावरची निळी रेषा ढोबळ मानानं २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. "शंभर वर्षांतून एकदा" याचा अर्थ आत्ता आला म्हणजे पुढची शंभर वर्षं निवांत, असा नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा आहे. तीस वर्षं त्या रेषेवरच्या घरात काढायची तर एकदा तरी पाणी बघायची शक्यता २६ टक्के होते.

सातवा_मैल

आकडा कळला, पण घर तर हलवता येत नाही. कंपाउंडला पाच फुटी पक्की भिंत आणि फाटकाला फळ्या, असं करून पाणी बाहेरच थोपवता येणार नाही का? वाळूची पोतीही रचता येतील.

गवंडीकाम

दादा, तीन फुटांच्या वर अडवायला जाऊ नका. १ मीटर खोल पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला साधारण ५०० किलोचा रेटा देतं. २ मीटर झालं की तो दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणजे २,००० किलो. नऊ इंची विटांची भिंत वरून भार पेलायला बांधलेली असते, आडवा रेटा सोसायला नाही. बाहेर पाच फूट पाणी आणि आत कोरडं, या अवस्थेत ती आडवी होते आणि पाणी एकदम लोंढ्यासारखं घरात शिरतं. त्यापेक्षा तीन फुटांच्या पुढं पाणी आत येऊ द्या. आत-बाहेर सारखं झालं की भिंतीवर रेटा राहत नाही. समोरासमोरच्या भिंतींना जमिनीलगत जाळी लावलेली भोकं ठेवली तर आपोआप होतं. सामान वर गेलेलं असलं म्हणजे झालं.

पोत्यांचं म्हणाल तर फूट-दोन फूट पाण्यापुरती ती चांगली. पण पोतं गच्च भरून तोंड शिवलं की ते दगडासारखं होतं आणि दोन पोत्यांमध्ये फट राहते. निम्म्याहून थोडं जास्त भरा, तोंड खाली दुमडा, विटांसारखे सांधे मोडत रचा, प्रत्येक थर पायानं तुडवून बसवा. पाया उंचीच्या तिप्पट रुंद हवा. दोन फूट उंच बांधाला खाली सहा फूट. खाली प्लॅस्टिकचा कागद पाण्याच्या बाजूनं अंथरून वर घ्या. एवढं करूनही पाणी संडासाच्या भांड्यातून आणि न्हाणीच्या मोरीतून आत येतं, कारण गटार बाहेरून भरलेलं असतं. चेंबरला उलट पाणी न येणारा व्हॉल्व्ह बसवला असेल तर ठीक, नाहीतर भांड्यात वाळूची पिशवी ठेचून बसवा, मोरीला लाकडी गुडदी.

तरंगणाऱ्या वस्तूंकडे कुणी बघत नाही. हजार लिटरची रिकामी टाकी बुडाली तर जवळजवळ एक टनाचा उचल घेते आणि पाइप उपटून जाते. पुरापूर्वी सगळ्या टाक्या गच्च भरा, वरच्याही आणि जमिनीतल्याही. जमिनीतली रिकामी टाकी भिजलेल्या मातीतून वर ढकलली जाऊन तडकते. भरून ठेवलेलं पाणी पुढं आठ दिवस कामालाही येतं, फक्त झाकण आणि हवेचा पाइप पुराच्या वर हवा. गॅसची टाकी भरलेली असली तरी तरंगते. आत १४.२ किलो गॅस आणि लोखंड मिळून तीस किलोच्या आत-बाहेर वजन, पण ती पाणी बाजूला सारते त्याहून जास्त. रेग्युलेटर काढा, टोपी लावा, माडीवर न्या, नाहीतर साखळीनं बांधा.

जुन्या पांढऱ्या मातीच्या भिंतींबद्दल कळकळीनं सांगतो. त्या पाणी असताना उभ्या राहतात आणि पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर बसतात. भिजलेल्या भिंतीला बाहेरून पाण्याचा आधार असतो, तो निघून जातो आणि आतली माती अजून चिखलच असते. म्हणून पाणी ओसरल्यावर पहिले आठ दिवस तशा घरात झोपायचं नाही. कोपऱ्यातल्या उभ्या भेगा, भिंतीचं फुगलेलं पोट आणि तुळईचं टोक भिंतीतून सरकलंय का, हे बाहेरून बघून मगच आत पाय टाका. पुन्हा बांधणार असाल तर निदान जोतं आणि वर तीन फूट तरी सिमेंटच्या दर्ज्यात दगडी घ्या.

शेरीनाला_शेजार

शहरातल्या लोकांसाठी: सांगलीत पाणी आधी नदीकाठावरून येत नाही, नाल्याच्या तोंडातून मागं येतं. नाल्याच्या तोंडाला झडपेचं दार असेल तर दर मे महिन्यात ते हातानं उघडून-मिटून बघितलं पाहिजे. एक फाटकी साडी किंवा बाटली बिजागरीत अडकली की दार चार बोटं उघडं राहतं, आणि चार बोटांतून रात्रभरात वस्ती भरते. दार मिटल्यावर आतल्या पावसाचं पाणी कुठं जाणार, हाही प्रश्न आहे. एक हेक्टरवर तासाभरात २५ मिलिमीटर पडला तर अडीच लाख लिटर पाणी होतं. ते उपसायला पंप कुठं बसणार, त्याला वीज कुठून येणार (त्या वेळी लाइन बंदच असते) हे दाराच्या कामाबरोबरच ठरवायचं. वॉर्डसभेत "दार बसवा" एवढीच मागणी करू नका, पंप आणि डिझेल जनरेटरही लिहून द्या.

तारतंत्री

नदीकाठच्या मोटारी. इशारा पातळीची वाट बघू नका, धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की मोटार काढायला घ्या. आधी खांबावरून फ्यूज काढा, नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. वायरी सोडण्याआधी तिन्ही फेजना लाल, पिवळी, निळी टेप गुंडाळा. घाईत सोडलेल्या वायरी परत जोडताना अदलाबदल होते, मोटार उलटी फिरते, पाणी येत नाही आणि लोक फूटव्हॉल्व्ह खोलत बसतात. तीन पायांची घोडी आणि चेनपुली आदल्या महिन्यात तेल घालून तयार हवी. स्टार्टर पेटी २०१९ च्या खुणेच्या वर दोन फूट.

घरात मीटर आणि मेन स्विच तेवढेच वर. नवीन वायरिंग करणार असाल तर छताकडून खाली आणा, खालच्या मजल्याचं सर्किट वेगळं आणि त्याला ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (वीज गळली की आपोआप बंद करणारा स्विच). मग खालचं बंद करून माडीवर दिवा ठेवता येतो.

पूर ओसरल्यावर बोर्ड कोरडा दिसतो म्हणून बटण दाबू नका. गाळ पाइपात महिनाभर ओला राहतो. वायरमनकडून मेगरनं (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) ५०० व्होल्टवर तपासून घ्या, १ मेगओमच्या खाली आलं तर ते सर्किट जोडायचं नाही. फ्रिज आणि वॉशिंग मशीन धुऊन उन्हात ठेवलं तरी ते मेकॅनिकनं उघडल्याशिवाय लावायचं नाही. बुडालेले एमसीबी सरळ बदला, त्यांच्या आतला गाळ निघत नाही.

दावण

माणसं घर सोडत नाहीत त्याचं मोठं कारण गोठा. म्हणून जनावरांचं आधी ठरलं पाहिजे, आणि ते मे महिन्यात. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचलेली हवी, कारण छावणीत चार गावची जनावरं एकत्र येतात. कानातला बिल्ला आहे का बघा, त्याचा नंबर आणि फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

चार जनावरांना आठ दिवस धरा. दिवसाला दर जनावरामागे १५ किलो मुरघास (हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण) आणि ४ किलो कडबा म्हटलं तर ४८० किलो मुरघास आणि १२८ किलो कडबा होतो. मुरघास टनाच्या मोठ्या पिशवीत करू नका. एकदा तोंड उघडलं की हवा लागून तो चार-पाच दिवसांत खराब व्हायला लागतो, आणि टनाची पिशवी पुरात हलवणार कोण? छोट्या पिशव्या दोघांनी उचलता येतात. मका चिकात असताना इंचभर कुट्टी करून गच्च दाबून भरली की दीड महिन्यात तयार, म्हणजे जूनअखेर पिशव्या हव्या असतील तर कापणी मेच्या पहिल्या पंधरवड्यात. पुरात नुसत्या उसाच्या वाढ्यांवर जनावर ठेवू नका, त्यातल्या ऑक्झलेटनं अंगातलं कॅल्शियम ओढलं जातं. वाढे देणं भागच पडलं तर चुन्याची निवळी शिंपडून आणि कडब्यात मिसळून द्या. गाळ बसलेली वैरण धुतल्याशिवाय अजिबात नको.

निघायला उशीर झाला आणि हलवणं शक्यच नसेल तर दावी सोडा, गोठ्याचं दार उघडं ठेवा. म्हैस पोहते. बांधलेली मरते.

मळीचा_ऊस

नदीकाठच्या मळीच्या रानात आडसाली ऊस लावू नका, एवढं सांगायला आलो. १५ जुलै ते १५ ऑगस्टची लागण म्हणजे ऐन पुरात टिपरी कुजवणं. पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरला लावला की पुढच्या पुराला तो आठ-नऊ महिन्यांचा असतो, पुरुषभर उंचीच्या वर गेलेला. उसाचं सगळं शेंड्यावर आहे. शेंडा पाण्याबाहेर असेल तर आठवडाभर मुळाशी पाणी राहूनही तो उठतो. शेंडा बुडाला आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या सुरळीत, गाळ बसला की वाढ संपली, मग बाजूचे डोळे फुटून पांगशा येतात. पाणी उतरल्यावर दहा-बारा ठिकाणचे शेंडे उभे चिरून बघा. आतला कोंब पांढरा आणि टणक असेल तर ऊस राखा. तपकिरी, वास येणारा असेल तर त्यावर खत घालून पैसे घालवू नका. आणि वाफसा आल्याशिवाय रानात ट्रॅक्टर घालू नका. गाळाखालची माती एकदा दाबली गेली की पुढची दोन पिकं मुळं धरत नाहीत.

सोयाबीनला असा वेळ मिळत नाही, दोन-तीन दिवस बुडालं की गेलं.

संथवाहते

हे सगळं ठीक, पण मूळ दुखणं खालच्या अंगाचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण आहे. ते सोडून घरोघरी नळ्या कसल्या लावताय?

मोजपट्टी

अलमट्टीवर वेगळा धागा हवा, तो विषय मोठा आहे. पुराचा अभ्यास करायला राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराला अलमट्टीला कारण धरलं नव्हतं, काठावरच्या अनेकांना ते पटलेलं नाही, आणि तिथली पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ पर्यंत नेण्याच्या प्रस्तावाला विरोध चालू आहे. तो विरोध झालाच पाहिजे. पण कुणीही बरोबर ठरलं तरी यंदाच्या जुलैत तुमचा उंबरा आहे तिथंच असणार. धरणांची बातमी वाचताना एक हिशेब हाताशी ठेवा: १ लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट) दिवसभर सोडले की ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी जातं. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. आज किती मोकळी जागा आहे आणि येवा किती आहे, यावरून गेट किती दिवसांत उचलावे लागतील याचा अंदाज स्वतः करता येतो.

कृष्णाकाठ

बोटीबद्दल एक, कारण कुणीच लिहिलं नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. बोट काठाला लागताच सगळे एका बाजूनं चढतात, तिथंच ती कलते. एकेकानं चढायचं, लगेच खाली बसायचं, निम्मी क्षमता झाली की थांबायचं. जॅकेट नसेल तर दोन रिकामे, घट्ट बुचाचे पाच लिटरचे कॅन छातीशी बांधा. ऊस, कुंपणाच्या तारा, झाडाच्या फांद्या पाण्याखाली दिसत नाहीत, म्हणून बोट रानातून आडवी न घालता रस्त्याच्या रेषेनं न्यायची. दोन्ही बाजूंचे विजेचे खांब बघत गेलं की रस्ता कळतो, मात्र लाइन बंद केल्याची खात्री निघण्याआधीच करायची.

गल्ली_नंबर_तीन

पाणी उतरल्यावर विहिरीचं कसं करायचं? गावची विहीर ३ मीटर व्यासाची, पाणी ४ मीटर.

पाणीपुरवठा

०.७८५ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, म्हणजे ०.७८५ × ९ × ४ = सुमारे २८ घनमीटर, २८ हजार लिटर.

घाईनं तळापर्यंत उपसू नका. बाजूची जमीन भिजलेली असते. आतलं पाणी एकदम काढलं की दगडी बांधणी आत ढासळते. दिवसाला मीटरभर, असं तीन-चार दिवसांत उपसा. गाळ काढा, कडा ब्रशनं घासा. नवं पाणी भरल्यावर पहिला दणका: लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन बसेल एवढी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ३३ टक्क्यांची ताजी असेल तर तुमच्या विहिरीला सव्वाचार किलोच्या आसपास. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरची निवळी विहिरीत सगळीकडं ओता, पोहऱ्यानं ढवळा. २४ तास कुणीही पाणी भरायचं नाही, मग ते उपसून टाकायचं. पुढं रोज हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे १४० ग्रॅम. तासाभरानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी. पिवळा रंग आला नाही तर आणखी टाका, गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं.

गल्ली_नंबर_तीन

ग्रामपंचायतीत गेल्या वर्षीचं उघडं पोतं आहे. चालेल?

पाणीपुरवठा

नाही. पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो, मागं चुना उरतो. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नसते, आणि वासावरून टक्के कळत नाहीत. नमुना तालुक्याच्या प्रयोगशाळेत द्या. नवीन घ्याल ती झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, अंधाऱ्या कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर ठेवा. पत्र्याच्या डब्यात नको, डबा गंजून भोक पडतं. आणि ती खोली तुमच्या गावच्या पट्टीवर कितव्या फुटाला आहे, तेही बघा.